मोक्याच्या मानेतला नंबर

"आक्का, मशीन बंद करा! अहो आक्का!"

नजमा दारातून ओरडत होती. मी बंद केलं नाही. चार किलो मिरची उखळात पडली होती, वरून लोखंडी मुसळं दणादण आपटत होती आणि जिची मिरची होती ती मलकापूरची बाई नाकातोंडाला पदर लावून समोर बसली होती. कांडप अर्ध्यात थांबवलं की चटणीचा रंग जातो, असं मी गिऱ्हाइकांना सांगत आले. खरं-खोटं देव जाणे, पण एकदा सांगितलं ते सांगितलं.

"मोक्या सापडला!" नजमा म्हणाली.

माझा हात उखळाच्या काठावर होता. तो मी तिथंच ठेवला.

"कुठं?"

"साताऱ्यात. जनावरांच्या डॉक्टरांकडं, कुणा ट्रकवाल्यानं नेऊन सोडला. जिवंत आहे, आक्का. पायाला थोडं लागलंय म्हणतात."

"बस जरा. ही मिरची होऊ दे."

मिरची झाली, चाळून झाली, डब्यात भरून झाली. बाई गेली. मग मी मागच्या मोरीत जाऊन हात धुतले. तीनदा साबण लावला तरी कांडपाचं तिखट हातावरून जात नाही, हे मला चाळीस वर्षं ठाऊक आहे. तरी धूत राहिले. नळ चालू असला की बाहेर काही ऐकू जात नाही.

ही आठ वर्षांपूर्वीची, फेब्रुवारीतली गोष्ट. मोक्या म्हणजे वासराएवढा तपकिरी कुत्रा. माझा नव्हे, सुनेचा. विश्वजीतशी लग्न करून ती पुण्याहून कराडला आली तेव्हा माहेरून रुखवताबरोबर हे ध्यान घेऊन आली. तिचं नाव शाल्मली. हे काय नाव झालं? म्हणताना जीभ दोनदा वळवावी लागते. लग्नात ताटातल्या तांदळावर नवं नाव लिहायची वेळ आली, तेव्हा मी विश्वजीतला 'शालन' लिहायला लावलं. ती काही बोलली नाही. कुत्र्याचं नाव तिनं मोका ठेवलं होतं, त्याचं मी मोक्या केलं. माझ्या घरात जे येईल त्याला माझ्या तोंडात बसेल ते नाव.

कुत्र्याचा मला विटाळ. त्याची लाळ लागली की मी लुगडं बदलायची. त्याची थाळी उंबऱ्याबाहेर. "घरात मिरची असते, शिंकून मरेल," असं मी वरवर सांगायची, आणि शालन थाळी उचलून मुकाट बाहेर ठेवायची.

तीन वर्षांनी विश्वजीतला हॉलंडला नोकरी लागली. इथं कॉलेजात शिकवत होता ते काय वाईट होतं? पण दोघांचं ठरलं. मग कागद सुरू झाले. एक दिवस शालन कुत्र्याला पुण्याला घेऊन गेली आणि त्याच्या मानेत तांदळाच्या दाण्याएवढी काहीतरी चीप बसवून आणली.

"परदेशी न्यायचं तर लागतेच, आई," ती म्हणाली. "यात नंबर असतो. हरवला आणि कुणी यंत्र फिरवलं तर नंबर दिसतो. त्या नंबरावरून यादीत मालकाचं नाव, पत्ता, फोन, सगळं निघतं. फक्त फोन-पत्ता बदलला की यादीतही बदलावा लागतो."

"कुत्र्याचे कागद झाले," मी म्हटलं. "म्हातारीचे राहिले."

विश्वजीत जेवत होता. त्यानं घास खाली ठेवला. "आई, तू येणार आहेस का? हो म्हण. उद्या तुझा पासपोर्ट टाकतो."

"मी कशाला येऊ? माझं कांडप कोण बघणार?"

"मग बोलतेस कशाला?"

"आता बोलू पण नको का?"

शालननं खरकटी उचलली. कुत्रा तिच्या मागं गेला.

मी गेले नसतेच. पण मी बोलल्यावर विचारलं, आधी नाही विचारलं, हे मी मनात धरलं. धरायला मला फार लागत नाही.

यांची पुण्यतिथी एकवीस मेची. भटजी तिथी काढून वेगळाच दिवस सांगतात, पण मी तारीख धरते, कारण तारीख मला वाचता येते. त्या वर्षी नैवेद्य दाखवून झाला, पान कावळ्याला ठेवून झालं, आणि दुपारी मी मागच्या पायरीवर बसले. विश्वजीत बाहेर गेला होता. मोक्या आला, माझ्या पायाशी वेटोळं करून पडला आणि डोकं माझ्या पावलावर ठेवून झोपला. एवढं जड डोकं. मी पाय काढून घेणार होते. नाही काढला. पायाला मुंग्या आल्या, मग पाय बधिर झाला, चुलीवर दूध ठेवलं होतं ते उतू गेल्याचा वास आला, तरी मी तशीच बसले. किती वेळ, काय माहीत. शालन दारात आली, पाहिलं आणि आत गेली. दूध तिनंच उतरवलं असणार. त्यावर ती एक शब्द बोलली नाही आणि मीही नाही.

चौदा जूनला ते गेले. मोक्याला गाडीत घालून मुंबईला नेला. जाताना शालन माझ्या पाया पडली. डोळे सुजले होते. मी म्हटलं, "रडतेस कशाला? सगळंच तर घेऊन चाललीस."

दुसऱ्या दिवशी दुपारी तीच गाडी परत आली. ड्रायव्हरनं मागचं दार उघडलं, तर आत मोक्या.

"विमानवाल्यांनी घेतला नाही," ड्रायव्हर म्हणाला. "ताई म्हणाल्या, आक्कांकडं सोडा."

पोचल्यावर विश्वजीतनंही तेच सांगितलं. उन्हाळ्यात एवढं मोठं कुत्रं घेत नाहीत, ऐन वेळी कळलं, आता तूच बघ. म्हणजे काय, नेता येईना ते सामान इथं टाकलं. त्यात मी आणि मोक्या.

मोक्या चार दिवस शालनच्या जुन्या चपलेवर तोंड ठेवून पडून होता. भाकरी कुस्करून दुधात घातली, ती तशीच नासली. पाचव्या दिवशी मी त्याची थाळी उंबऱ्याच्या आत घेतली. तेव्हा खाल्लं. हे मी कुणाला सांगितलं नाही.

त्याच आठवड्यात शालनचा फोन आला. उचलल्या उचलल्या म्हणाली, "आई, मोका कसा आहे?" झालं. मी मेले की जिवंत आहे ते नाही, मोका कसा आहे! मी फोन ठेवला, मागचं झाकण काढलं, आतलं कार्ड काढून पाणी तापवायच्या चुलीत टाकलं. नवं कार्ड घेतलं. नंबर दिला तो फक्त नजमाला, कारण ती समोर राहते, ब्लाउज शिवते, आणि रात्री-अपरात्री मला काही झालं तर कळायला कुणी हवं. तिलाही बजावलं, "त्या दोघांचं नाव माझ्यासमोर काढायचं नाही आणि माझा नंबर त्यांना द्यायचा नाही. दिलास तर माझ्या पायरीवर पाय ठेवू नको."

"आक्का, तुमचं तुम्हाला," ती म्हणाली.

मग आठ महिने. बोलायला कुणी नसलं की माणूस कुत्र्याला शिव्या देतं. मी दिवसभर देत होते. भाकरी थापताना, मिरची निवडताना, संध्याकाळी दिवा लावताना. तो एक कान वर करून ऐकायचा. त्याच्या अंगाला तिखटाचा वास लागला होता, स्वतःच्याच वासानं शिंकायचा.

फेब्रुवारीत निवडणुकीचा निकाल लागला. कुणीतरी निवडून आलं आणि आमच्या गल्लीतून मिरवणूक निघाली. दारातच फटाक्यांची माळ लावली. मी आतून ओरडत बाहेर येईपर्यंत मोक्या कडी तोडून गेला. गुलालातून, लोकांच्या पायांतून, गेला तो गेलाच.

नऊ दिवस मी कराड पालथं घातलं. दोन्ही नद्यांचे काठ पाहिले, भाजी मंडई पाहिली, पुलाखाली गेले. घरी आले की भाकऱ्या दोघांच्या होत. हाताला सवय. एका दुपारी गिऱ्हाईक नसताना, उखळात चिमूटभर काही नसताना, मी मशीन चालू केलं आणि शेजारी बसून राहिले. गल्लीला वाटलं असेल, आक्काचं काम जोरात आहे.

आणि मग नजमा ओरडत आली.

एसटीत ती खिडकीशी बसली, मी शेजारी. कराड सुटलं तसं मी विचारलं, "तुला कुणी सांगितलं?"

"फोनवर फोटो आला होता. लोक पाठवतात ना."

"कुठल्या लोकांनी?"

"आहेत एकेक," ती म्हणाली आणि उंब्रज येईपर्यंत बाहेरच बघत राहिली.

मला दुसरीच काळजी होती. चीप म्हणजे शालनचं नाव. यादीत मालकीण ती. डॉक्टर म्हणणार, मालकिणीला फोन करा. म्हणजे मला तिच्यासमोर वाकावं लागणार. तुझा कुत्रा माझ्याकडून हरवला, तो मला परत द्यायला सांग, असं म्हणावं लागणार. आणि ती नाही म्हणाली तर? सांभाळता येत नाही तर दुसऱ्याला देऊन टाका म्हणाली तर? तिला हक्क होता. मोक्या घरी येईल की नाही, हे आता त्या पोरीच्या तोंडातून निघणार होतं, आणि त्या तोंडाशी मी आठ महिने बोलले नव्हते.

दवाखाना स्टँडजवळच होता. डॉक्टर बर्गे म्हणून सत्तरीचे गृहस्थ, चष्मा कपाळावर, समोर कॉम्प्युटर.

"काय काम, आजी?"

"आजी कुणाची? तुमचे केस माझ्यापेक्षा पांढरे आहेत."

त्यांनी चष्मा खाली ओढून माझ्याकडं नीट पाहिलं. "बरं. बाई, काय काम?"

"तपकिरी कुत्रा आणलाय ना इथं? तो आमचा आहे."

"आमचा म्हणजे कुणाचा?"

"माझ्या सुनेचा."

"सुनेचं नाव?"

"शालन."

त्यांनी मान हलवली. "या कुत्र्याच्या नोंदीत शालन नावाचं कुणी नाही. मागच्या महिन्यात एक जण असाच आला होता, आमचा आमचा करत. दुसऱ्याचा कुत्रा घेऊन गेला. आता मी नोंद बघितल्याशिवाय देत नाही."

आतल्या दाराआडून भुंकणं ऐकू आलं. एकदाच. मी तो आवाज हजारांत ओळखला असता.

"ऐकलंत? माझ्या आवाजानं भुंकला तो!"

"तो पोस्टमनच्या आवाजानंही भुंकतो. सुनेचं कागदावरचं नाव सांगा."

नजमा माझ्याकडं बघत होती. मी जीभ वळवली. "शाल्मली. शाल्मली विश्वजीत थोरात."

"हां. ही आहे. पण ही दुसरी." त्यांनी बोट स्क्रीनवर ठेवलं. "अडचण आली तर कळवायचं, त्यात हिचं नाव आहे. मालकीण ही नाही. मालकीण वेगळी आहे, आणि तिच्याशिवाय कुणाच्या हातात द्यायचा नाही असा मला निरोप आहे. तुम्हाला त्या बाईंनी पाठवलंय का?"

"कुठल्या बाईंनी?"

"कलावती ज्ञानदेव थोरात."

दवाखान्यात पंखा चालू होता. नजमानं माझा दंड धरला.

माझं नाव मी किती वर्षांनी असं अख्खं ऐकलं, सांगता येणार नाही. गल्लीला मी आक्का, गिऱ्हाइकांना चटणीवाल्या आक्का, यांना मी 'अगं'. घर यांच्या नावावर, ते गेल्यावर विश्वजीतच्या. लाइटचं बिल अजून यांच्या नावानं येतं. कांडपाच्या पाटीवर 'कै. ज्ञानदेव थोरात'. सरकारनं दिलेली दोन कार्डं सोडली तर माझं नाव कुठं लिहिलेलं मला आठवत नव्हतं. मी कमरेची पिशवी उघडली, आधार कार्ड काढलं आणि टेबलावर ठेवलं.

डॉक्टरांनी कार्ड पाहिलं, मला पाहिलं. "मग सुनेचा, सुनेचा काय लावलंय? कुत्रा तुमच्या नावावर आहे."

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"माझ्या नावावर कधी केला? तारीख असेल की. आकडे वाचता येतात मला, दाखवा."

त्यांनी स्क्रीन माझ्याकडं वळवली. बाकीची अक्षरं इंग्रजी होती. आकडे मी वाचले. बावीस, पाच. मागच्या वर्षीचे.

बावीस मे. विमान चौदा जूनचं.

मी मनात परत मोजलं. बोटांवर मोजलं. विमानवाल्यांनी ऐन वेळी नाकारला होता ना? मग तीन आठवडे आधी कसा माझ्या नावावर झाला? आणि बावीस का? एकवीसला पुण्यतिथी. एकवीसला दुपारी मी पायरीवर बसले होते, पावलावर ते डोकं घेऊन.

"नजमा," मी म्हटलं, "तू खाली का बघतेस?"

तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "आक्का, पायरीवर येऊ देणार नसाल तर नका देऊ. पण विमानवाल्यांनी नाही म्हटलं नव्हतं. त्यांना विचारलंच नव्हतं. गाडी मुंबईहून परत येणार, हे आधीच ठरलं होतं. सरळ दिला असता तर तुम्ही ठेवून घेतला असता का?"

मी स्क्रीनवरचे आकडे परत वाचले.

"उष्टं नको म्हणून तोंडावर फेकला असता. हे तीच म्हणाली मला. दर रविवारी फोन करते ती. मोका जेवला का विचारते. मग विचारते, आई जेवल्या का. तुमचा नंबर मी नाही दिला, खुदा की कसम. तिनंही मागितला नाही. म्हणाली, त्यांना द्यायचा असेल तेव्हा देतील."

"परवापासून मला चार फोन झालेत त्यांचे," डॉक्टर म्हणाले. "मालकिणीचा पहिला नंबर लावला तर बंद. म्हणून दुसरा लावला, तर परदेशात. मी म्हटलं, तुम्ही सांगा, कुणाबरोबर तरी पाठवून देतो. तर म्हणाल्या, नको, तो आईंचा आहे, त्या स्वतः येतील." त्यांनी चष्मा परत कपाळावर सरकवला. "बाई, चीप बसवून उपयोग काय, यादीतला नंबर मेलेला असेल तर? तुमच्या सुनेनं नाव, पत्ता सगळं बिनचूक भरलंय. फोन तुम्ही बदललात आणि कळवला नाहीत. नवा सांगा."

चुलीत टाकलेलं ते कार्ड किती पटकन जळलं होतं.

"हा नंबर कुणाकुणाला दिसेल?"

"बदल केला की दोन्ही नावांना मेसेज जातो. तुम्हाला आणि त्यांना. चालेल ना?"

नजमानं बोटाला गुंडाळलेलं पदराचं टोक सोडलं.

मी नंबर सांगितला. एकेक आकडा सुटा, सावकाश. डॉक्टरांनी तो परत वाचून दाखवला. शेवटचे दोन उलटे टाकले होते, ते मी दुरुस्त करायला लावले.

मग त्यांनी आतलं दार उघडलं. मोक्या तीन पायांवर आला. चौथ्याला पट्टी. बरगड्या दिसत होत्या. धावत आला असता तर मी म्हटलं असतं, कुत्रंच ते, कुणाच्याही अंगावर उडतं. पण तो धावला नाही. हळू आला, माझ्या हाताचा वास घेतला, जोरात शिंकला आणि डोकं माझ्या पावलावर टाकलं.

"मुडद्या," मी म्हटलं. "कुठं तडफडला होतास?"

डॉक्टरांनी आधार कार्ड परत दिलं. "हो, तुमचाच आहे," म्हणाले.

बाहेर लिंबाखाली बाक होता. नजमा रिक्षा बघायला गेली, कारण कुत्र्याला एसटीत घेणार नव्हते आणि कराडपर्यंत येणारा कुणीतरी गाठायला हवा होता. मी बाकावर, मोक्या खाली. पिशवीत फोन वाजला. लांबलचक नंबर, पुढे अधिकची खूण.

मी तो वाजू दिला. किती वेळा वाजला ते मोजलं नाही. मोक्यानं कान वर केला.

"हॅलो."

पलीकडून भांड्यांचा आवाज आला, मग थांबला.

"शाल्मली," मी म्हटलं.

"आई."

मला पुष्कळ बोलायचं होतं. भांडायचंसुद्धा होतं, खोटं का बोललात दोघं, म्हणून. तोंडातून निघालं ते वेगळंच. "चार दिवस जेवला नव्हता तो. तू गेलीस तेव्हा. तुझी चप्पल धरून पडला होता. मी तुला सांगितलं नाही."

ती रडत होती बहुतेक. परदेशातलं रडणं नीट ऐकू येत नाही.

"थांब," मी म्हटलं, "तुझ्या लेकराशी बोल आधी."

मी वाकून फोन मोक्याच्या कानाशी धरला. ती काय बोलली मला माहीत नाही. त्यानं मान वाकडी केली, शेपूट जमिनीवर दोनदा आपटलं आणि फोन चाटायला लागला. पुढून, मागून, माझ्या बोटांसकट. सगळा लाळेनं चिकट झाला.

पदर होता, पुसता आला असता. मी तो तसाच ओला कानाला लावला आणि म्हटलं, "हां, बोल. जेवलीस का?"